चौकडीचा शर्ट

शायनाने बाळाला उघड्या छातीशी धरलं होतं, वरून वडलांचा जुना चौकडीचा शर्ट. पोटात असताना आईच्या व्यसनमुक्तीच्या औषधावर वाढलेलं पोर. नाळ तुटली तसं ते औषधही तुटलं. किंचाळून, थरथरून आत्ता कुठे त्याचा डोळा लागला होता.

"बघ, तडफड शमवायला मॉर्फिनचा एक थेंब लागला नाही," नर्स वर्ना म्हणाली. आईच्या कुशीनं अशी बाळं किती सावरतात, याचा अभ्यास चालला होता, आणि त्यासाठी अशा बाळंतिणी जमवून त्यांची माहिती घ्यायचं काम वर्नाचं. वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरातल्या बायका दवाखान्यात तोंड उघडतील तर शपथ! पण वर्ना खालच्याच खोऱ्यातली, खाणकामगाराची लेक. तिच्यापुढे उघडायच्या.

दार वाजलं.

"मी रूथान, बालकल्याण खात्याची. बाळ आजपासून आमच्या ताब्यात. तुम्हाला खोली सोडावी लागेल," दारातली बाई म्हणाली. "सातव्या महिन्यात दाढ दुखली म्हणून तुम्ही चुलतभावाकडून चिठ्ठीविना नशेची वेदनाशामक गोळी घेतली होती ना?"

शायनाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दाढेचं मी फक्त तुला सांगितलं होतं, मिस वर्ना."

"कायदा आहे गं पोरी. कळवावंच लागतं मला."

"मग विचारतानाच का नाही सांगितलंस? 'खरं सांग, अभ्यासाला खरी माहितीच लागते,' म्हणालीस. हात धरला होतास माझा!"

वर्नाने तिच्या छातीवरून बाळ उचलून घेतलं. ते जागं झालं आणि जे किंचाळायला लागलं! तिने झुलवलं, थोपटलं, चोखणी दिली. शायना दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचा पाय निघेना.

"तेवढा शर्ट ठेवून जा," वर्ना म्हणाली. "तुझ्या वासानं निजेल. नाहीतर मॉर्फिन द्यावं लागेल गं त्याला."

शायनाने पाठमोरी होऊन शर्ट उतरवला, अंगात कोट चढवला. वर्नाने हात पुढे केला.

तो हात ओलांडून शायना रूथानपाशी गेली. शर्ट तिच्या हातात दिला.

"तुम्ही गुंडाळा त्याला. तुम्ही निदान दारातच सांगितलंत, कोण आहात ते."