देवीचा आवाज

डॉ. मृणाल ढवळीकरांनी घोकलेल्या प्राकृतात माइकमध्ये सांगितलं, "फोड आलेली लेकरं वेगळी ठेवा. एकत्र जमू नका." यंत्राने ते शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगर गावात, पिंपळाखाली उमटवले.

दुपारी पडद्यावर अख्खं गाव त्याच पिंपळाखाली दिसलं. फोडांनी भरलेली लेकरं कडेवर होती, धडधाकट लेकरं शेजारीच रांगत होती.

"मॅडम, या रोगाला ते देवीच म्हणतात," सहायक कुलथे म्हणाले. "त्यांना वाटतंय, देवीच बोलली."

"घरी जा," मृणाल कळवळून बोलल्या. सगळ्यांनी लोटांगण घातलं. शेजारच्या गावाहून बैलगाड्या येऊ लागल्या.

मृणालनी माइक बंद केला. बायांनी तिथेच चुली मांडल्या. देवी पुन्हा बोलेपर्यंत कुणीच हलणार नव्हतं.