हरभऱ्यावरचं पाणी

नैसर्गिक साधनसंपत्ती आणि आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याच्या तोंडी परीक्षेत डॉ. किणीकरांनी पडद्यावरून शेवटचा प्रश्न टाकला. "जिल्ह्याच्या हवेतली सगळी वाफ परदेशी कंपनीनं करारानं विकत घेतलीय. मनोरे ती ओढून जहाजात भरतात. अशात एका म्हातारीनं पहाटे हरभऱ्यावर धोतर पसरलं आणि वाटीभर दव पिळून नेलं. मालकी कोणाची?"

घरी मांडीवर बाळ घेऊन परीक्षा देत बसलेल्या नलिनीचं डोकंच सणकलं. ती म्हातारी म्हणजे तिच्या सासूबाई, द्वारकाबाई. असं दव नेल्याबद्दल शेत सोडायची नोटीस त्यांना परवाच आली होती, आणि इथे त्यांचा परीक्षेतला प्रश्नही झाला!

"कंपनीचं हाय म्हण की गं," शेजारी बसलेल्या द्वारकाबाई कुजबुजल्या. "तुझी परीक्षा तरी सुटू दे."

"सोपं आहे, ताई," किणीकर हसले. "मांडीवर बाळ घेऊनही जमेल."

"सर, तुम्ही आंब कधी चाखलीत?" नलिनीनं विचारलं.

"आंब?"

"हरभऱ्यावरचं तेच पाणी. जिभेला झोंबेल इतकं आंबट असतं. तुमच्या कंपनीची वाफ आंबट असते का?"

किणीकरांनी नकारार्थी मान हलवली.

"तो आंबटपणा झाड पाझरतं. म्हणजे ते नुसतं दव नाही, पीक आहे, आणि पीक पेरणाऱ्याचं! नापास करायचं तर खुशाल करा. उद्या सासूबाईंच्या सुनावणीत मी हेच सांगणार आहे."