अंधुक चित्र

अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या वासुदेवरावांना ऐकूही फार कमी येई. मागच्या खोलीत त्यांना टीव्हीचीच काय ती सोबत. पण इंटरनेट कंपनीच्या जोडणीवर एका वेळी एकाच टीव्हीला एचडी मिळे. हॉलमधला टीव्ही सुरू झाला की त्यांचं चित्र अंधुक होई.

“बाबा, काही दिसते का?” मुलगा विनोद कानाशी ओरडला.

“त्या बाईच्या लुगड्याचा काठ नाही दिसत. जलमभर मागावर बसलो, मले तेच पाह्याची सवय.”

“दोन्हीकडे एचडी येते, तसा प्लॅन घेतो.”

“नोको. असंच राहू दे.”

“काहून? एवढं तं करू द्या!”

दोन्ही टीव्ही स्वच्छ दिसू लागले. तिसऱ्या दिवशी विनोद आणि सून कामिनी तुमसरच्या बाजारातून परतले, तेव्हा हाका मारून मारून म्हाताऱ्याचा घसा बसला होता.

“तुमचा डोळा लागला होता, म्हणून न सांगता गेलो,” कामिनी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. “कायले एवढं ओरडून राहिले?”

“चित्र अंधुक असलं का समजे, घरात कोणीतरी हाये,” ते टीव्हीकडे पाहत म्हणाले. “आता मले कसं समजन?”