तिसरा दात

किल्लीवाल्याने तिसरी तार वाकवली आणि कपाटाच्या खणाच्या कुलपात पुन्हा घातली. त्याची पत्र्याची पेटी शेजारी फरशीवर उघडी पडली होती.

"चार वाजून गेले," मुलगी म्हणाली. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप होता. "अर्ज पाचला बंद होतो, बाबा. आणि सातवा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही."

सातवा रकाना असा होता : आपली कीर्ती किती दूरवर पोहोचली? पुराव्यासह लिहा.

डिझायनरांच्या संघटनेने ज्येष्ठांच्या सन्मानासाठी हा अर्ज काढला होता. जन्मभर डिझायनर असलेल्या बापाला न विचारताच मुलीने तो भरायला घेतला होता. सकाळपर्यंत बाप नको नको म्हणत होता. दुपारी मात्र खणातल्या कात्रणांची आठवण त्यानेच काढली आणि खणाची किल्ली सापडेना तेव्हा तिला खाली पिटाळून किल्लीवाल्याला बोलावून घेतलं. आता तो कपाटापाशी उभा होता, नेमका किल्लीवाल्याच्या उजेडात.

"काका, जरा सरकता का?"

तो सरकला.

"फॉलोअर किती लिहू?" मुलीने विचारलं.

"किती आहेत?"

"अकरा. त्यात मी दोनदा आहे."

कुलूप उघडलं. खणात ब्रश होते, रंगाच्या बाटल्या होत्या, आणि तळाशी एक फाइल. डिझायनरने ती टेबलावर आणून उघडली. कात्रणांना कसर लागली होती. कागद उचलला की हातात जाळी यायची. एका तुकड्यावर 'अत्यंत सुबक मांडणी' एवढं वाचता येत होतं. कुणाची, ते कसरीने खाल्लं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "तसंही त्यात फार काही नव्हतं."

मुलीने बापाकडे पाहिलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने फाइल बंद केली आणि उगाच फाइलच्या नाडीची गाठ मारत बसला.

किल्लीवाल्याने तारा गोळा केल्या, कानस पुसली आणि पेटीचं झाकण लावलं. झाकणावर काळ्या रंगात एक किल्ली रंगवलेली होती. डिझायनर गाठ सोडून उठला आणि खाली वाकला. किल्लीला चार दात होते. तीन चौकोनी. तिसरा मात्र वाटाण्यासारखा गोल.

"हे चित्र कुणी काढलं?"

"मीच. उस्तादांच्या पेटीवर होतं, त्यावरून."

"आणि त्यांनी?"

"त्यांच्या उस्तादांवरून काढलं असेल. का हो?"

"हा दात असा गोल का?"

"असाच असतो," किल्लीवाला म्हणाला. "सगळ्यांच्याच पाटीवर असतो. माझा साडू रेल्वेने दीड दिवस लांब राहतो, त्याच्याही पाटीवर हेच."

"अशी किल्ली चालेल?"

"कुठल्या कुलपाला चालेल, काका? आत गेली तर बाहेर यायची नाही." तो हसला. "पण हा दात नसला तर लोकांना वाटतं, नवशिका दिसतोय."

किल्लीवाला हात धुवायला आत गेला. डिझायनर फरशीवरच बसला. गुडघा कटकन वाजला.

"बाबा?"

"शाईचा थेंब पडला होता," तो म्हणाला. "कुलपाच्या दुकानासाठी छापायच्या पाटीचं चित्र काढत होतो. छापखान्याचा माणूस दारात उभा. पुन्हा काढायला वेळ नव्हता, म्हणून थेंबाला गोल करून टाकलं. मालकाने विचारलं, तर मी सांगितलं, मुद्दाम आहे."

"म्हणजे हे तुमचं आहे?" मुलीने विचारलं.

"चूक माझी आहे. बाकी किल्ली कुणीही काढली असती."

मुलीने लॅपटॉप जवळ ओढला आणि टाइप करायला लागली.

"काय लिहितेस?"

"किती दूरवर? रेल्वेने दीड दिवस."

"अगं, हसतील. पुरावा मागितलाय त्यांनी. शाईचा डाग जोडणार आहेस?"

"पुरावा : नाही," ती मोठ्याने म्हणत टाइप करत होती. "आणि पाठवून दिला. आता हसू देत."

तो रागवेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचं लक्षच नव्हतं. तो झाकणावरून बोट फिरवत होता. सायकलच्या कॅरिअरवर घासून किल्लीची कडी पुसट झाली होती, आणि दातांचा रंग उडायला आला होता.

हात पुसत परत आलेल्या किल्लीवाल्याची नजर खणातल्या ब्रशांकडे गेली. "काका, तुम्ही पेंटर होता वाटतं?"

"तसंच काहीतरी."

"मग एवढं रंगवून द्याल का? माझा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही."

डिझायनरने एक बारीक ब्रश निवडला, पाण्यात भिजवून बोटांनी त्याचं टोक सरळ केलं. काळ्या रंगाची एकच बाटली अजून ओली होती. त्याने कडी रंगवली, दांडी ओढली. पहिला दात काढला, दुसरा काढला. तिसऱ्याशी मात्र ब्रश थांबला. एवढ्या वर्षांनी का होईना, किल्ली सरळ करून टाकावी असं त्याला वाटलं, आणि त्याने चौकोनाचा पहिला कोपरा धरला.

किल्लीवाला घाईघाईने खाली वाकला.

"गोल काका, गोल. तुमचा दोष नाही, नवीन माणसाचं इथेच चुकतं."