धाकूचं सोंग

कशेळ्यात धुळवडीला गावातल्या प्रत्येकाचं सोंग निघायचं. फक्त मेलेल्याचं कुणी घेत नसे. यंदाही पाटलाची ढेरी, भागूबाईचं भांडण, माथेरानला जाणाऱ्या गोऱ्या साहेबाचा घोड्यावरचा तोरा, सगळं चावडीपुढं नाचून गेलं आणि माणसं हसून हसून बेजार झाली. धाकू मात्र कुबडी मांडीवर घेऊन आपल्या सोंगाची वाट बघत होता. गेल्या वैशाखात आंब्यावरून पडून त्याचा डावा पाय कायमचा अधू झाला होता. ढोलकी थांबली. सोंगाड्या हिरू तोंडावरचा रंग पुसू लागला. “आन् माजं रं?” धाकूनं विचारलं. हिरूनं मान खाली घातली. “तुजी कशी थट्टा करू, दादा?” “का? मी काय मेलोय?” धाकूनं कुबडी त्याच्याकडं भिरकावली. बिचकत बिचकत हिरू लंगडला, आणि धाकूच सगळ्यांआधी खदखदून हसला. “अरं गाढवा, डावा पाय, डावा!”