रेघेपलीकडचा देव

गोव्याच्या विधानसभेचे तिसाचे चाळीस मतदारसंघ झाले तेव्हा पेडण्यातल्या एका गावातून सरकारी रेघ गेली आणि भैरू गावकराची वस्ती, अख्खा वाडाच, दुसऱ्या मतदारसंघात पडला. त्याच पावसात वाड्याकडे जायचा ओहोळावरचा साकव वाहून गेला. आजारी माणसांना पाठीवर घेऊन ओहोळ ओलांडायची पाळी आली, तेव्हा भैरू गावाच्या जुन्या आमदाराकडे गाऱ्हाणं घेऊन गेला. पानाला चुना लावत आमदार म्हणाला, "तुमचो वाडो आता माझ्या मतदारसंघात येणा नाय." 'खाली बस' म्हणायची दानतही त्याने दाखवली नाही.

निवडणूक लागली आणि तोच आमदार नारळ घेऊन वाड्यावरच्या देवळात हजर. बाकीचं गाव त्याच्याच मतदारसंघात, पण गावाचा देव एकच, आणि त्याला गाऱ्हाणं घालायचा, सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचा मान भैरूच्या घराण्याचा. आमदाराच्या हातचा नारळ भैरूने देवापुढे ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो आमदार आज तुझ्या पायाकडे इलो हा."

"व्हय म्हाराजा," रिवाजाप्रमाणे सगळे म्हणाले. हात जोडून आमदारही म्हणाला, लक्ष फोटोवाल्याकडे.

"पण ह्यो तुझ्या हद्दीत येणा नाय. ह्याचा मागणा कानार घेव नको."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज आमदाराचाच होता.