थर्लोबाबांचा उरलेला शब्द

"तुमचं नाव काय?" डॉक्टर पिंकनींनी विचारलं.

"सेट," खाटेवरचा म्हातारा म्हणाला.

"आज वार कोणता?"

"सेट."

"पाहिलंत ना?" थोरली मुलगी मॉड म्हणाली. "सहा आठवडे हेच चाललंय. यापेक्षा पोपट परवडला, तो निदान चार शब्द बोलतो."

डॉक्टरांनी पिशवीतून छापील कागद काढला. धर्मादाय इस्पितळात माणसं न ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक वेगळा वॉर्ड होता. तिथं पाठवायला डॉक्टरांचा शेरा आणि थोरल्या मुलीची सही पुरे होती. त्या वॉर्डातून कुणी घरी परत आल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. मॉडलाही ते ठाऊक होतं. पण उचलणं, पुसणं, भरवणं सगळं तिच्या एकटीवर येऊन पडलं होतं आणि तिची पाठ पार कामातून गेली होती.

"सही करू नकोस, मॉड," धाकटी हेस्टर दारातून म्हणाली. "बाबांना सगळं कळतंय." तिच्या काखेत बुटांचं खोकं होतं.

"आली कोशवाली!" मॉड म्हणाली. "दिवसभर मी राबायचं आणि हिनं संध्याकाळी येऊन चिठ्ठ्या लिहायच्या."

हेस्टर शब्दकोशाच्या कचेरीत होती. वर्षभर ती एकाच शब्दावर बसली होती. इंग्रज माणूस शब्दांच्या बाबतीत भारी चिक्कू. सूर्य मावळला की सेट, मोडलेलं हाड बसवलं की सेट, जेवणाचं टेबल मांडलं की सेट. सापळा लावायचा, मुरंबा आळायचा, कोंबडी अंड्यांवर बसवायची, सगळीकडे हाच एवढासा शब्द राबायचा. लोकांनी पाठवलेल्या हजारो चिठ्ठ्या ती वेगवेगळ्या खणांत लावत होती. चिठ्ठीवर वाक्य, कुणाचं, कधीचं, एवढंच लिहायचं. शब्दाला अर्थ विचारत बसायचं नाही, त्याच्या शेजारपाजारच्या शब्दांना विचारायचं, असा कचेरीचा शिरस्ता होता.

थर्लोबाबा त्याच कोशाच्या छापखान्यात चाळीस वर्षं जुळारी होते. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यालाही इंग्रजीत सेटच म्हणतात. मार्चमध्ये जेवता जेवता ते हेस्टरला म्हणाले, "तुझ्या ढिगात आणखी एक भर घाल, सेट..." आणि कलंडले. उजवं अंग गेलं. मान हलेना. तोंडातला तेवढा शब्द मात्र तोंडातच राहिला.

हेस्टरनं खोकं खाटेवर ठेवलं. आत बाबांच्या एकेका सेटची एक, अशा तीनशेबारा चिठ्ठ्या होत्या. मंगळवार, सकाळी सात. नजर खिडकीकडे. आवाज शेवटी चढला. पडदा ओढल्यावर गप्प. गुरुवार, दुपार. आवाज तुटका, दोनदा. उशी बदलल्यावर गप्प. एकोणीस खण, एकोणीस अर्थ.

डॉक्टरांनी दोन-तीन चिठ्ठ्या वाचल्या आणि हळूच परत ठेवल्या. "मिस थर्लो, ही तुमची माया आहे. हिला पुरावा म्हणत नाहीत."

"मग परीक्षा घ्या. मी जिन्यात उभी राहते. दार लावून घ्या."

दार लागलं. डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या पायांवरचं पांघरूण ओढलं.

"सेट!"

"थंडी वाजतेय," बाहेरून आवाज आला.

डॉक्टरांनी उशाशी ठेवलेला चहाचा कप त्याच्या ओठांना लावला.

"सेट, सेट."

"साखर विसरलात."

डॉक्टरांनी चहा चाखला. खरंच साखर नव्हती. आता त्यांनी पिशवीतलं वर्तमानपत्र काढलं आणि न बोलता म्हाताऱ्यासमोर धरलं. म्हातारा बघत राहिला. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"सेट! सेट! सेट!"

जिन्यात हसू फुटलं. "खिळा उलटा बसलाय कुठंतरी. मथळ्यात बघा."

डॉक्टरांनी चष्मा पुसून मथळा बघितला. तिसऱ्या शब्दात एक अक्षर डोक्यावर उभं होतं. सकाळी चहाबरोबर त्यांनी हेच पान दोनदा वाचलं होतं. ते खुर्चीत बसले. बत्तीस वर्षांच्या वैद्यकीत इतका अचंबा त्यांना कधी वाटला नव्हता. एवढं अख्खं माणूस या एका शब्दात दाटीवाटीनं राहत होतं, आणि आपण त्याला वार विचारत बसलो होतो.

"माणसं ओळखत नाही, असा शेरा मी लिहिणार नाही," ते मॉडला म्हणाले. "पण सांभाळणार कोण, हा प्रश्न उरतोच. अंथरुणाला खिळलेल्यांच्या वॉर्डासाठी दुसरा कागद देतो. त्याला नुसती तुमची सही लागेल."

मॉडनं लेखणी घेतली. "द्या. हिचं आणि बाबांचं छान जमतंय. हिला साखरसुद्धा कळते. सहा आठवडे मी यांचं हगणं-मुतणं काढतेय, माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी नुसती हमाल." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. खाटेच्या कडेवर बसून ती रडायला लागली.

म्हाताऱ्यानं डोळे तिच्याकडे वळवले.

"से... ट," तो म्हणाला. शब्द मधेच मोडून, खालून वर नेत, अगदी हळू.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं.

"पुन्हा म्हणायला सांगा ना त्यांना," हेस्टर दाराला कान लावून म्हणाली.

"से... ट."

"हा माझ्याकडे नाही," हेस्टर म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "तीनशेबारांत कुठंच नाही हा."

आत मॉडनं मान वर केली होती. तिनं लेखणी कागदावरून उचलली आणि बाजूला ठेवली.

"तुझ्याकडे कसा असेल?" ती म्हणाली. "मॉ... ड! तू जन्मायच्या आधीपासून बाबा मला अशीच हाक मारतात."